डिस्क कोणती, हे स्क्रिप्टला कोण सांगणार?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. मधेच ट्रॅक्टरचा आवाज ऐकला असेल तर तो खराच आहे, रेकॉर्डिंग गावाकडे केलं होतं.)

हा भाग मी आमच्या औंढा तालुक्यात बसून करतेय. औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. इथून जवळच दुधाळा म्हणून गाव आहे, आणि त्या परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. गुरुत्वीय लहरी पकडणारी, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. केंद्राची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये साधारण २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी. आमच्याकडे कुणालाही विचारा, "ते लायगोवालं" म्हटलं की रस्ता दाखवतात.

पण आज मी लहरींवर बोलणार नाहीये. ते सांगणारे बरेच आहेत. मला बोलायचंय त्या मशीनच्या मागच्या खोलीबद्दल, जिथे डेटा जाऊन पडतो. कारण माझं पोट त्याच कामावर भरतं. मी पुण्यात सर्व्हर सांभाळते, आणि एका डिस्कने मला आयुष्यभराचा धडा दिलाय. तो सांगतेच.

आधी थोडा अंदाज घेऊ. लायगोचा मुख्य सिग्नल सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो. प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तर सेकंदाला १३१ किलोबाइट. दिवसाला ११ जीबीच्या आसपास. तुम्ही म्हणाल, एवढंच? माझ्या मामाच्या पोराचं इन्स्टाग्राम याहून जास्त खातं. बरोबर आहे! पण मुख्य सिग्नलसोबत जमिनीची थरथर, आरशांची हालचाल, लेझरची ताकद, हवेचं तापमान असे २ लाखांहून जास्त जोड-चॅनल असतात. कारण सिग्नल खरा आहे की रस्त्यावरून ट्रक गेलाय, हे ठरवायला तेच लागतात. अमेरिकेतली लायगो प्रयोगशाळा सांगते की त्यांचा संग्रह वर्षाला साधारण ८०० टेराबाइटने वाढतो. १६ टेराबाइटची एक डिस्क धरा, म्हणजे ५० डिस्क झाल्या. दोन-तीन प्रती ठेवायच्या म्हटलं की दीडशेपर्यंत जातो आकडा. दरवर्षी.

आणि हा डेटा पुन्हा मिळत नाही. पहिली गुरुत्वीय लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्या वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी. सगळा सिग्नल सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. गंमत म्हणजे तेव्हा अधिकृत निरीक्षण सुरूही झालं नव्हतं, चाचणीचा टप्पा चालू होता. समजा त्या दिवशी "चाचणीच तर आहे" म्हणून कुणी डिस्क बेफिकीर लावली असती, तर? ती दोन कृष्णविवरं काही परत येऊन आदळणार नव्हती.

तर मुद्दा असा. एखाद्या स्टोरेज क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या समूहात, शेकडो डिस्क असतात. समूहातल्या एकेका सर्व्हरला नोड म्हणतात. पुण्याच्या आयुकामध्ये लायगोच्या विश्लेषणासाठी 'सारथी' नावाचा असाच एक संगणक-समूह आहे. मोठा असो की छोटा, अशा समूहात नवी डिस्क घातली की दोन कामं करावी लागतात: फॉरमॅट आणि माउंट.

फोनवाल्यांसाठी सोप्या भाषेत. नवं मेमरी कार्ड घातलं की फोन विचारतो, "हे कार्ड सेट अप करायचं का?" तुम्ही हो म्हणता, ते फॉरमॅट. म्हणजे कोऱ्या वहीवर रेघा मारून पानांना नंबर देणं. वहीत आधी काही लिहिलं असेल तर ते गेलं समजा. आणि गॅलरीत "एसडी कार्ड" म्हणून जो फोल्डर दिसायला लागतो, ते माउंट. वही दप्तराच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवणं. फोन हे सगळं आपोआप करतो कारण त्याला कार्डाची खाच एकच. सर्व्हरला अशा बारा, चोवीस, कधी साठ खाचा असतात. आणि तिथे "हे कार्ड" म्हणजे नेमकं कोणतं, हाच सगळा घोळ आहे.

हातानं करायचं तर एका डिस्कमागे साधारण पाच कमांड. डिस्क बघा, फॉरमॅट करा, फोल्डर तयार करा, माउंट करा, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप माउंट व्हावं म्हणून एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहा. आठ सर्व्हर, प्रत्येकी बारा डिस्क. ९६ डिस्क, ४८० ओळी. रात्री अकरा वाजता माणूस ३१२ वी ओळ टाइप करताना चूक करणारच. म्हणून ऑटोमेशन. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

आता माझी गोष्ट.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते, नाव सोडा. आम्ही हळदीच्या शेतांमध्ये सेन्सर लावले होते. मातीचा ओलावा, तापमान, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. त्यातली बरीच शेतं आमच्याच भागातली, वसमत-कळमनुरीकडची, त्यामुळे मला त्या कामाचं जरा जास्तच अप्रूप. चार सर्व्हर होते. प्रत्येकात एक डिस्क सिस्टिमची, एक डेटाची. लिनक्समध्ये डिस्कना अक्षरांनी नावं मिळतात: एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी. आमच्याकडे एसडीए म्हणजे सिस्टिम, एसडीबी म्हणजे डेटा. जागा संपत आली म्हणून प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन नव्या डिस्क घातल्या. त्या साहजिकच एसडीसी आणि एसडीडी होणार. मी छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक सर्व्हरवर जा, एसडीसी आणि एसडीडी फॉरमॅट कर, माउंट कर.

स्क्रिप्ट एका टेस्ट मशीनवर चालवून बघितली. पहिल्यांदा छान. दुसऱ्यांदा चालवली तर अडली: "इथे आधीच फाइल सिस्टिम आहे, मी फॉरमॅट करणार नाही." एक्सएफएस नावाच्या फाइल सिस्टिमची फॉरमॅट कमांड अशीच सावध असते. आणि मी काय केलं? कमांडला हायफन एफ जोडलं. फोर्स. म्हणजे "विचारू नकोस, कर."

तिसऱ्या सर्व्हरने त्या दिवशी डिस्कची ओळख वेगळ्या क्रमाने करून घेतली. ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात हो. मशीन सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने ती वाटली जातात, आणि तो क्रम दरवेळी तोच राहील याची हमी कुणी देत नाही. एक नवी डिस्क एसडीबी झाली, आणि अकरा महिन्यांचा डेटा असलेली जुनी डिस्क झाली एसडीसी.

आमच्या औंढ्याच्या देवळाची आख्यायिका तुम्हाला माहीत असेल. नामदेव महाराजांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मात्र जिथे होता तिथेच राहिला. माझी एफएसटॅब फाइल म्हणजे तो नंदी. देऊळ फिरलं, ही आपली एसडीबीच्या दिशेने बघत बसलेली. तिथे कोरी डिस्क. माउंट झालं नाही. आता गंमत बघा, डिस्क माउंट असती तर फोर्स देऊनसुद्धा ती फॉरमॅट झाली नसती. चालू डिस्कला ती कमांड हात लावत नाही. पण माउंट नव्हती, आणि "नोफेल" हा पर्याय लिहिलेला होता, म्हणजे डिस्क मिळाली नाही तरी गुपचूप पुढे जा. सर्व्हर गुपचूप पुढे गेला. स्क्रिप्ट आली, एसडीसी फॉरमॅट केली, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत लिहिलं: सगळं यशस्वी.

सकाळी आलेख उघडला तर एका पट्ट्यातल्या शेतांची अख्खी रेघ गायब. तीन चुका होत्या, प्रत्येक एकटी असती तर काहीच बिघडलं नसतं. आणि दुसरी प्रत ठेवायची सोय "पुढच्या महिन्यात करू" म्हणून मीच पुढे ढकलली होती. आठवडाभर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. तुकडे मिळाले, हंगाम नाही मिळाला.

घरी फोनवर सांगितलं. बाबांना डिस्क-बिस्क कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, मग बेणं नव्हतं का ठेवलं?" हळद काढली की सगळी शिजवून बाजारात नेत नाही कुणी, पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी बेणं बाजूला ठेवतात. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मी हे काम नीट शिकले. आणि पहिली गोष्ट कळली ती ही की ऑटोमेशन म्हणजे तेच काम वेगाने करणं, ही माझी समजूत चुकीची होती. वेगाने तर मी हंगाम पुसला! फॉरमॅटच्या स्क्रिप्टचं खरं काम आहे नकार देणं. फॉरमॅट करणारी ओळ एकच असते. तिच्या आधीच्या वीस ओळी "करू का नको" यावर असायला हव्यात.

मी आता अ‍ॅन्सिबल वापरते. शेकडो मशीनना एका जागेवरून सूचना देणारं हे टूल आहे, २०१२ मध्ये आलं. नाव मोठं मजेशीर आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या विज्ञान कादंबरीतून आलेला शब्द, ताऱ्यांमध्ये क्षणात निरोप पोचवणारं यंत्र. गुरुत्वीय लहरीसुद्धा प्रकाशाच्या वेगानेच येतात, हे यंत्र त्याहून पुढे! असो. खऱ्या अ‍ॅन्सिबलची सोय अशी की नोडवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. एसएसएचने आत जातं, नोडवर पायथन असलं की झालं.

त्यात तुम्ही "हे कर, मग ते कर" असं सहसा लिहीत नाही. "शेवटी असं असायला हवं" असं लिहिता. या डिस्कवर एक्सएफएस असावी, ती या फोल्डरवर माउंट असावी. आधीच तसं असेल तर ते काहीच करत नाही. दहा वेळा चालवा, दहा वेळा शांत. डिस्कवर दुसऱ्याच प्रकारची फाइल सिस्टिम दिसली तर चूक दाखवून थांबतं, तुम्ही मुद्दाम फोर्स दिलं नसेल तर. म्हणजे ज्या कारणासाठी मी हायफन एफ लावलं होतं, ते कारणच इथे उरत नाही.

पण लक्षात घ्या, एक भोक राहतंच. डिस्क पूर्ण कोरी दिसली तर तेही फॉरमॅट करणार. म्हणून "कोणती डिस्क" हा प्रश्न आधी सोडवायचा.

शेताचं उदाहरण घ्या. "आंब्यापासून तिसरं वावर" असं सांगितलं तर गावात चालतं. पण खरेदीखतात गट नंबर लागतो, कारण आंबा उद्या पडला तर? एसडीसी म्हणजे आंब्यापासून तिसरं वावर. गट नंबर म्हणजे डिस्कचा सिरियल नंबर, कारखान्यात मिळालेला, डिस्कच्या लेबलावर छापलेला. लिनक्समध्ये बाय-आयडी नावाचा एक फोल्डर असतो, त्यात प्रत्येक डिस्क तिच्या मॉडेल आणि सिरियल नंबरसकट दिसते. अक्षर बदलो, केबल बदलो, हे नाव बदलत नाही. माझ्या यादीत आता फक्त हीच नावं असतात. या नोडवर या सिरियलच्या डिस्क फॉरमॅट करायची परवानगी, बाकी कशालाही हात नाही.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. यूयूआयडी नावाचा आणखी एक लांबलचक नंबर दिसेल. तो डिस्कचा नसतो, तिच्यावरच्या फाइल सिस्टिमचा असतो. फॉरमॅटच्या क्षणी जन्मतो आणि पुन्हा फॉरमॅट केलं की नवा. म्हणून कोणती डिस्क फॉरमॅट करायची हे सिरियलने ठरवा, आणि एफएसटॅबमध्ये माउंटसाठी यूयूआयडी लिहा, किंवा लेबल. मला लेबल आवडतं, कारण रात्री दोन वाजता वाचता येतं. एक्सएफएसमध्ये लेबलला फक्त १२ अक्षरं मिळतात, तेव्हा आवरून लिहा.

यादी झाली की राखणदार. सिरियल यादीत आहे का? डिस्क सध्या कुठे माउंट आहे का? तिच्यावर एखादं पार्टिशन आहे का? जुन्या फाइल सिस्टिमची खूण आहे का? वाइपएफएस नावाची कमांड नुसती चालवली तर फक्त खुणा दाखवते, पुसत नाही. नाव भीतीदायक आहे खरं. आणि शेवटी, आकार अपेक्षेइतकाच आहे का? १६ टेराबाइटची म्हणून लिहिलेली डिस्क ४ ची निघाली तर काहीतरी चुकलंय. यातली एकही तपासणी फसली तर फक्त ती डिस्क नाही, सगळं काम थांबतं. अ‍ॅन्सिबलमध्ये त्यासाठी पर्याय आहे. लोकांना हे अति वाटतं. मला वाटत नाही.

चालवतानाही एकदम सगळ्यांवर सोडायचं नाही. आधी चेक मोड, म्हणजे न करता "काय करणार होतो" ते दाखव. मग एकाच नोडवर. तो नोड बंद करून पुन्हा सुरू करायचा, सगळं जागेवर येतंय का बघायचं. ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण सर्व्हर सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात आणि चहा थंड होतो. पण देऊळ फिरतं ते याच वेळी.

आता त्या "नोफेल"चं काय? ते नसेल आणि एक डिस्क मेली, तर लिनक्स साधारण दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतं. दुधाळ्यासारख्या ठिकाणी सर्व्हर आहे आणि तुम्ही पुण्यात, मग एका मेलेल्या डिस्कसाठी कुणालातरी रात्री कीबोर्ड घेऊन तिथे उभं राहावं लागेल. म्हणून नोफेल हवंच. पण त्याचा उलटा धोकाही आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी तिचा रिकामा फोल्डर तिथे असतोच. प्रोग्रामला फरक कळत नाही, तो त्या फोल्डरमध्ये लिहीत राहतो, आणि तो डेटा जातो सिस्टिमच्या छोट्याशा डिस्कवर. काही तासांत ती भरते आणि अख्खा नोड झोपतो. माझ्या त्या रात्री हेही चालूच होतं.

यावर एक जुनी युक्ती आहे, मला फार आवडते. माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने अचल करून टाकायचं. म्हणजे रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही. वर डिस्क माउंट झाली की डिस्कवर लिहिता येतं, खालचा फोल्डर झाकला जातो. डिस्क गेली तर प्रोग्राम लगेच ओरडतो. गुपचूप काही होत नाही. शिवाय सिस्टिमडीला सांगता येतं की अमुक माउंट असल्याशिवाय ही सर्व्हिस सुरूच करू नको.

एका श्रोत्याने मागे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, "ताई, सेफ वापरलं तर हे सगळं वाचतं ना?" अर्धं वाचतं. सेफ ही क्लस्टरची स्टोरेज प्रणाली कोरी डिस्क थेट ताब्यात घेते, माउंट-फोल्डर वगैरे भानगड नाही. "उपलब्ध डिस्क" म्हणजे काय याचे तिचे नियमही आपल्या राखणदारांसारखेच आहेत: पार्टिशन नको, फाइल सिस्टिम नको, माउंट नको, ५ जीबीहून मोठी हवी. पण तिला एकदा "मिळेल ती डिस्क घे" असं सांगितलं की ती सूचना कायम चालू राहते. तुम्ही उद्या एखादी डिस्क काढायला म्हणून पुसलीत, की ती लगेच पुन्हा पोटात घेते. तो पर्याय मी मोठ्या क्लस्टरवर चालू ठेवत नाही. कुणी ठेवत असेल तर त्यांचं धाडस.

शिकायचं असेल तर खरी डिस्क लागत नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याला एक-एक जीबीच्या चार खोट्या डिस्क जोडा, आणि मुद्दाम क्रम उलटसुलट करा. एका डिस्कवर तुमचे दोन फोटो ठेवा आणि स्वतःचीच स्क्रिप्ट फसते का बघा. फक्त फोन असेल तर टर्मक्समधून एसएसएच करून अशा मशीनवर जाता येतं. पण फोनवरच माउंटचे प्रयोग करायला रूट लागतं, त्या नादाला लागू नका, आईचा फोन असेल तर अजिबातच नको.

शेवटचा किस्सा सांगते आणि थांबते. मागच्या वर्षी एका ठिकाणी सहा नोड लावत होते. सगळ्या डिस्क नव्याकोऱ्या, सीलबंद पाकिटातल्या, सिरियल यादीत लिहिलेल्या. चार नोड झाले, पाचव्यावर सगळं थांबलं. लाल अक्षरं: डिस्क क्रमांक सातवर पार्टिशन आहे. माझ्यासोबतचा मुलगा म्हणाला, "ताई, कंपनीतूनच आलं असेल. फोर्स मारू का?" मी त्याला चहा आणायला पाठवलं आणि डिस्क उघडून बघितली. आत कुणाच्यातरी सीसीटीव्हीच्या फाइली होत्या, दोन वर्षं जुन्या. डिस्कचा स्वतःचा मीटर काढला तर ती १७,००० तास आधीच चाललेली. पुरवठादाराने वापरलेली डिस्क नवी म्हणून पाकिटात घालून दिली होती. परत पाठवली, बदलून आली, यादीत सिरियल बदलला, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आधीच्या चार नोडना तिने हात लावला नाही, पाचव्यावरून पुढे निघाली.

चला, पुढच्या भागात मेलेली डिस्क मरायच्या आधी काय-काय बोलते, ते ऐकू. बाबा हाक मारतायत, हळद शिजायला टाकलीय.